मु. पो. चकलांबा

चकलांब्यातील एका माळवदाच्या घरात, ओसरीवरच्या खिळ्याला किंचित पुढे झुकवून टांगलेली एक चौकट मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. एकाच काचेखाली दहा-अकरा लहान छायाचित्रे, काहींच्या कडा नागमोडी कातरलेल्या, एकाच्या कोपऱ्यात वाळवीने नकाशा काढलेला. त्यांत मुंबईचा गेटवे आहे, राणीची बाग आहे, पंढरपूरच्या फोटोवाल्याच्या रंगविलेल्या पडद्यापुढे हात जोडून उभे असलेले वृद्ध जोडपे आहे. नाही ते एक चकलांबाच.

ह्या अभावाचे मूळ, कॅमेरा या मुलखात कोणाच्या हुकमाने आला, त्यात आहे. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते, आणि १८५६ पासून तेथे हौशी छायाचित्रकारांचा जो मासिक अल्बम निघू लागला, त्याच्या प्रत्येक अंकात तीन अस्सल छायाचित्रे असत; म्हणजे आपण पाहिलेले दृश्य चार इष्टमित्रांपुढे ठेवण्याची हौस आपल्याकडे जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. परंतु ही हौस इंग्रजी मुलखातली. चकलांबा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, औरंगाबाद सुभ्यात. त्या मोगलाईत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी राहिलेल्या मेजर रॉबर्ट गिल याने काढलेली छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या लाला दीनदयाळ यांनी वेरूळची लेणी व दौलताबादचा किल्ला आपल्या काचांवर उतरविला. दरबारी दृष्टीला लेणी दिसत, किल्ले दिसत, शिकारीच्या छावण्या दिसत. सारा भरणाऱ्या खेड्याची नोंद दप्तरात असली म्हणजे पुरे, त्याची तसबीर कोणास हवी होती? १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी अशी गेली, तीही गोदेच्या उत्तरेकडून. दक्षिण तीरावरचा, चकलांब्याचा गेवराई तालुका बैलगाडीच्याच हवाली राहिला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर मोगलाई संपली, आणि पुढे केव्हातरी एखाद्या मास्तराच्या खांद्याला अ‍ॅग्फा क्लिक-३ लटकू लागला. त्याच्या रोलात बाराच फोटो निघत. रोल धुवायला बीडला पाठवायचा, कॉपीचे पैसे निराळे. अशा हिशेबात वेशीवर किंवा ओढ्यावर एक फोटो खर्ची घालणारा मनुष्य वेडाच ठरता. रोज दिसते त्याचा फोटो कोण काढतो? चौकटीतले गावाला सर्वांत जवळचे चित्र राक्षसभुवनचे आहे: ज्या परिसरात १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तेथे शाळेच्या सहलीची पोरे गोदेत पाय सोडून बसली आहेत, आणि ऊन समोरून आल्यामुळे सर्वांचे डोळे मिटलेले आहेत. इतिहासाची त्यांस पर्वा नव्हती. मला तरी ते चित्र फार आवडते.

ही चित्रे गावी येत टपालाने. अंतर्देशीय पत्रात काही घालण्यास मनाई, म्हणून फोटोसाठी पाकीट घ्यावे लागे व जास्तीचे तिकीट लागे. गेटवेवरचे फोटोवालेही गिऱ्हाइकाचा पत्ता वहीत उतरून घेऊन मागाहून कॉपी रवाना करीत. पाकीट फोडले की चित्र आधी म्हातारीच्या हाती जाई, मग शेजारी, मग पारावर. परत येईतो त्यावर हळदीचा एक अंगठा उमटलेला असे. मागच्या बाजूस जांभळ्या शाईत स्टुडिओचा शिक्का आणि खाली, ‘ती. बाबांस, राणीची बाग’. चौकटीत चढण्यापूर्वी एकेक चित्र असे अर्धे गाव हिंडून आलेले आहे.

आता मोबाइल आला, आणि ओघ उलटा फिरला. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन, मुकादमाची उचल फेडण्यासाठी टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडांवर जातात. तिकडच्या कोपीत बसलेला मुलगा शहराचे चित्र क्वचितच धाडतो. तो मागतो गावाचे. गेल्या माघात माळवदाच्या त्या घरच्या सुनेने हुरड्याच्या वेळी शेतात उभे राहून, आगटीशेजारी पसरलेल्या घोंगडीचा आणि मागच्या ज्वारीचा फोटो त्याला पाठविला. उत्तर लगेच आले: बांध दिसत नाही, जरा डावीकडून काढ.