बोट थांबे कोळशासाठी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबोला बोट लागली की प्रवासी लगोलग किनारा गाठत. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, बघायची हौस असे हे खरे, पण त्यांना बाहेर काढी तो कोळसा. कोळशाने भरलेले पडाव बोटीला येऊन भिडत, हमालांची रांग पोती घेऊन चढउतार करू लागे आणि काळी भुकटी जेवणघरापासून बिछान्यापर्यंत पोहोचे. खिडक्या लावून बसावे तर आत जीव उकडून निघे. शहाणा माणूस छत्री घेऊन सरळ होडीत बसे. आजच्या क्रूझ कंपन्या बंदरावरची जी सहल जादा पैसे घेऊन विकतात, तिचा जन्म असा काजळीत झाला आहे.

आधी बोटींना कोळसा पुरवण्याचा मान सिलोनमधल्याच गॉलचा होता. पण गॉलचे बंदर खडकाळ, आणि बोटी मोठ्या होऊ लागल्या तसे तिथे शिरणे जिवावरचे काम झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वर्दळ वाढली. कोलंबोला अडचण नैऋत्य मोसमी वाऱ्यांची. पावसाळ्यात तिथे नांगर टाकून उभे राहणे धोक्याचे. त्यावर उपाय म्हणून गव्हर्नर विल्यम ग्रेगरी यांच्या कारकिर्दीत लाटा अडवणारा लांबलचक बांध घालायचे ठरले. ८ डिसेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, त्याचा पायाचा दगड बसवला. दहाएक वर्षांत बांध उभा राहिला, बोटी कोलंबोकडे वळल्या आणि गॉल निपचित पडले. मुंबईहून विलायतेला निघालेल्या आपल्या बॅरिस्टरांना मात्र वाटेत एडन लागे. कोलंबो होते ते ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या वाटेवरचे.

पाहुणा एकच दिवसाचा, हे शहराने चटकन ओळखले. धक्क्यासमोरच १८७५ मध्ये ग्रँड ओरिएंटल हॉटेल उघडले. बाहेर रिक्षा उभ्या, व्हरांड्यात जवाहिरे. नीलम, चंद्रकांत, कासवाच्या पाठीचे कंगवे, आबनुसाचे हत्ती, हाताने विणलेली लेस. काचेचा तुकडाही नीलम म्हणून खपे, कारण फसलेले गिऱ्हाईक उद्या भांडायला येणार नाही याची खात्री. उलट बाजूने घासाघीस करणाऱ्या पाहुण्याच्याही हाती एक हुकमी पत्ता असे: बोटीचा भोंगा होईपर्यंत थांबायचे. ज्यांची बोट रात्रभर मुक्कामाला, ते १८६७ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने कँडी गाठून येत.

नोव्हेंबर १८९० मध्ये साखालिन बेटावरून परतणारा रशियन लेखक चेखॉव्ह इथे उतरला, कँडीला जाऊन आला आणि सिलोन म्हणजे स्वर्ग असे त्याने लिहून ठेवले. जाताना त्याने मुंगसे विकत घेतली. मॉस्कोला पोहोचल्यावर कळले की त्यांतले एक मुंगूस नव्हेच, उदमांजर आहे! जानेवारी १८९६ मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेन ऑस्ट्रेलियाहून मुंबईला येताना इथे थांबला. रस्त्यावरच्या लोकांच्या कपड्यांचे रंग पाहून तो हरखला, आणि मिशनरी शाळेतल्या मुलींना गोऱ्यांच्या पद्धतीचे कपडे चढवलेले पाहून तितकाच चिडला. सगळ्या शहरात एका दिवसात त्याला बरोबर तेवढेच खटकावे, हे त्याच्या नजरेला शोभणारेच.

पण या एका दिवसाचे खरे सोने केले ते क्रिकेटवाल्यांनी. इंग्लंडचे संघ ऑस्ट्रेलियाला आणि ऑस्ट्रेलियाचे संघ इंग्लंडला याच वाटेने जात. बोट कोळसा घेत असताना अकरा धडधाकट माणसे रिकामी बसलेली. मग सामना का नको? १८८२ मध्ये इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लायचा संघ कोलंबोत खेळला. ज्या दौऱ्यात पुढे त्याला ऑस्ट्रेलियात 'ॲशेस'चा कलश मिळाला, तो हाच. कोलंबो सोडल्यावर त्यांच्या 'पेशावर' बोटीची 'ग्लेनरॉय' जहाजाशी टक्कर झाली आणि गोलंदाज फ्रेड मॉर्लीच्या बरगड्यांना मार बसला.

मग हा रिवाजच पडला. पाहुणे अनेक दिवस डेकवर काढून आलेले, पाय अजून बोटीच्या तालात, वर दमट उकाडा. निकालाला फारसा अर्थ नसे; पण सिलोनच्या मुलांना जगातले सर्वोत्तम खेळाडू घरबसल्या दिसत. १९३० मध्ये ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन खेळून गेला, १९३२ मध्ये अंगावर मारा करणाऱ्या गोलंदाजीने गाजलेल्या 'बॉडीलाइन' दौऱ्यावर निघालेला जार्डिनचा इंग्लंड संघ. मार्च १९४८ मध्ये ब्रॅडमन इथे शेवटचा खेळला तेव्हा कोलंबो ओव्हलवर गर्दी लोटली होती. सिलोनचा कर्णधार होता सदाशिवम. ब्रॅडमन २० धावांवर बाद झाला, आणि मग उलगडा झाला की खेळपट्टी बावीस यार्डांची नसून वीसच यार्डांची आखली होती. क्रिकेटच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या फलंदाजासाठी टेप लावायची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

साठच्या दशकात संघ विमानाने जाऊ लागले, १९६७ मध्ये सुएझ आठ वर्षांसाठी बंद पडला आणि हे वाटेवरचे सामने संपले. कोलंबो ओव्हलला आता पी. सरवणमुत्तू यांचे नाव आहे. श्रीलंकेने आपली पहिली कसोटी फेब्रुवारी १९८२ मध्ये याच मैदानावर इंग्लंडशी खेळली. इंग्लंडने ती सात गडी राखून जिंकली.