‘यूस’ ते ‘युश्श’ : एका ऋणशब्दाचे स्थित्यंतर

लॅटिनमधील ‘यूस’ या संज्ञेत विधी आणि हक्क हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. हंगेरीत लॅटिन ही शतकानुशतके राज्यकारभाराची व न्यायदानाची भाषा होती. १५१४ मधील शेतकऱ्यांचा उठाव चिरडल्यानंतर त्यांना जमिनीशी जखडण्यात आले. त्याच वर्षी इश्त्वान वेर्बोत्सी याने सादर केलेली ‘त्रिपार्तीतुम’ ही रूढविधीची संहिता १५१७ मध्ये व्हिएन्नात छापली गेली. श्रमाच्या मोबदल्यापलीकडे धन्याच्या जमिनीवर शेतकऱ्याचा कायमचा असा कोणताही ‘यूस’ नाही, असे तीत बजावले आहे. रीतसर कायद्याचे रूप तिला कधीच मिळाले नाही. तरीही १८४८ पर्यंत न्यायव्यवहार तिच्याच आधारे चालला.

हाच शब्द हंगेरियन लोकभाषेत ‘युश्श’ या रूपाने रुजला. त्यातील ‘श’कार हा हंगेरीतील परंपरागत लॅटिन उच्चाराचा ठसा होय. अर्थ मात्र संकोचला : अमूर्त विधी गळून गेला आणि वारशातील, विशेषतः जमिनीतील, न्याय्य वाटा तेवढा उरला. १८४४ च्या कायद्याने हंगेरियन राजभाषा झाली. विधिपरिभाषेत ‘योग’ हा देशी शब्द (संस्कृत ‘योगा’शी त्याचा संबंध नाही) स्थिरावला. ‘युश्श’ वाटणी मागणाऱ्याच्या तोंडी राहिला.

अर्थसंकोच म्हणजे अर्थहानी, हे समीकरण येथे अपुरे पडते. ज्या शब्दाने शेतकऱ्याला जमीन नाकारली, त्याच शब्दाने तो ती मागू लागला. ऋणशब्दाचा इतिहास लिहिताना तो कोठून आला याइतकेच तो कोणाच्या तोंडी टिकला, हेही म्हणूनच नोंदवावे लागते.