इक्वलायझर : बरोबरी करणारा वेगळं कसं करायला लागला?



मागच्या गणेशोत्सवातल्या सुगम संगीताच्या कार्यक्रमाचे मिक्सिंग माझ्या गळ्यात पडले. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर होते, तरी एकत्र लावले की डग्गा आणि बेस गिटारचा नुसता काला! दोघांचे आवाज वाढवून पाहिले, तर कालाच मोठा झाला. मग वैतागून इक्वलायझरचा इतिहास चाळला.

नावातच गंमत आहे. इक्वलायझर म्हणजे सारखे करणारा. लांबलचक टेलिफोनच्या तारेतून जाताना आवाजातला वरचा, तीव्र भाग जास्त क्षीण होई. तो भरून काढून दोन्ही टोकांना आवाज सारखा ठेवायचा, हे त्याचे मूळ काम. थोडक्यात, हरवलेले परत आणणे.

आणि काला का होतो, याचा अभ्यासही टेलिफोनवाल्यांनी केला! बेल कंपनीच्या परिवारातले संशोधक वेगल आणि लेन यांनी १९२४ साली दाखवले की एक सूर दुसऱ्याला झाकून टाकतो, आणि खालचा सूर वरच्याला जास्त झाकतो. म्हणजे दोष यंत्राचा नाही, आपल्या कानाचाच स्वभाव तो.

पूर्वी यावर मोठा उपाय म्हणजे बैठक. १९५० च्या दशकात मुंबईत ताडदेवच्या फेमस स्टुडिओत गायक आणि वाद्यवृंद एकदमच रेकॉर्ड होत. कोण माइकजवळ आणि कोण लांब, यावर बराचसा तोल. लंडनला ईएमआयच्या स्टुडिओत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' (१९६७) चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. जागा करायला अनेक वाद्ये एका ट्रॅकवर उतरवावी लागत, आणि एकदा उतरवली की वेगळी करणे अशक्य.

पुढे १६ ट्रॅक आले. प्रत्येक वाद्यापुढे स्वतंत्र माइक लागला. एकेकटे झकास वाजे, एकत्र आले की गर्दी! १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध वाचला. नेमकी कोणती कंपनसंख्या, किती रुंद पट्टा आणि किती कमी-जास्त, हे तिन्ही आता स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागले. भर घालणाऱ्या यंत्राने नेमकेपणाने कोरून काढायलाही सुरुवात केली.

मीही तेच केले. १०० हर्ट्झच्या आसपास डग्ग्याचा घुमार तसाच ठेवला, बेस तिथे ४ डेसिबलने उतरवला. हार्मोनियमचा तळ थोडा छाटला, गायिकेचे शब्द वर आले.

बेस वाजवणाऱ्या मित्राने फक्त स्वतःचा ट्रॅक ऐकला आणि तोंड पाडून म्हणाला, "अरे, माझा आवाज पातळ केलास की!" मी काही न बोलता सगळे ट्रॅक चालू केले. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "ही माझी हरकत ऐकू येते होय? कार्यक्रमात मलासुद्धा आली नव्हती."