१४. निरंकाराची राय

सत्तरी तालुक्यातील बांबर गावची देवराई. (लेखक जेथून निघाले ते कारापूर डिचोली तालुक्यात, साखळीला लागून आहे, वाळवंटीकाठचे विठ्ठलापूर त्यातच येते.) राय देवाची मानली जात असल्याने तेथे कुऱ्हाड चालत नाही. लेखकाने पाहिलेली ‘जायफळे’ मसाल्याची नव्हेत. मसाल्याचे जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. ही त्याच कुळातील रानटी झाडे असून गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळे जमिनीबाहेर येऊन, वाकून पुन्हा आत शिरतात आणि वर राहिलेल्या भागातून श्वास घेतात. मजकुरातले ‘गुडघे’ ते हेच. या झाडांत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात, तेव्हा एकटे उरलेले झाड कितीही जुने असले तरी त्याला बी धरत नाही. धरलेले बीही वाळले की रुजत नाही. ओहोळ वळवला, की पुढची पिढी थांबलीच. लेखकाचा ‘जनुकसाठा’ हा शब्द याच अर्थाने घ्यावा: एका जातीच्या सर्व झाडांत मिळून असलेली आनुवंशिक विविधता. झाडे मोजून ती कळत नाही. अशीच दलदल सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे आहे. नावांच्या साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते. बांबर्ड्याच्या दलदलीला महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता कायदा, २००२ खाली वारसा स्थळ घोषित केले. — संपा.