वाघीण कोणाच्या दारी?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सनावळी पाठ करण्याआधी नकाशा पाहावा, असे ते सांगत. त्या आग्रहाचा आधार घेऊन मी आज साहित्याची वाट सोडून रुळांच्या वाटेने जाणार आहे. विषय थोडा अनपेक्षित वाटेल. आगगाडीच्या लहान प्रतिकृती करणारा छांदिष्ट जेव्हा आपल्या फळीवर उभारण्यासाठी एखादी खरीखुरी, रुळांनी जोडलेली औद्योगिक वसाहत शोधू लागतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो? माझे उत्तर आरंभीच सांगतो. तो इतिहाससंशोधन करीत असतो. आणि तेही अशा इतिहासाचे, ज्याची बखर कोणी लिहून ठेवलेली नसते.

भाषेचा विद्यार्थी म्हणून एका शब्दाकडे आधी लक्ष वेधतो. मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्रजी 'वॅगन' मराठी माणसाच्या तोंडी रुळली आणि तिची चक्क वाघीण झाली. प्रवासी डब्याच्या वाट्याला मात्र असे बारसे आले नाही. स्थानकाची इमारत, राजाची खास गाडी, पहिल्या प्रवासाची तारीख यांची नोंद होते. वाघीण मात्र रात्री कुठल्या तरी कारखान्याच्या दारी उभी राहते, सकाळी रिकामी होऊन निघून जाते आणि तिची आठवण कोणी ठेवीत नाही.

आपल्या ग्वाल्हेरला प्रतिकृतीचे नवल नाही. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. मद्याची पात्रे व चिरूट घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे आणि पात्र उचलले की थांबे. पुष्कळांना ते केवळ राजविलासाचे लक्षण वाटते. मला तिच्यात एक मर्म दिसते. त्या गाडीला गिऱ्हाईक आहे. मेजावरचा प्रत्येक पाहुणा म्हणजे जणू एकेक मालधक्का! ती गाडी नुसती गोल फिरत नाही. ती कोणाला तरी काही तरी पोचविते. खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद येथेच सुरू होतो.

अमेरिकेत फ्रँक एलिसन नावाच्या छांदिष्टाने १९४०च्या दशकात हा भेद नाटकाच्या परिभाषेत मांडला. रुळांचा पट म्हणजे रंगभूमी, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे संहिता, अशी त्याची उपमा होती. नाट्यशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे ती मला तत्काळ पटली. पात्राच्या प्रवेशाला प्रयोजन लागते. वाघीण मंचावर आली, तर ती का आली, कोणाकडे आली आणि काय घेऊन जाणार, हे ठाऊक असावे लागते. दुसऱ्या एका अमेरिकनाने, जॉन ॲलनने, थोड्या आखूड फाट्यांवर वाघिणी जागच्या जागी लावण्याचे एक कोडे रचले. ते फार चतुर आहे. परंतु त्या फाट्यांना मालक नाहीत, म्हणून त्याला इतिहासही नाही. उलट लान्स माइंडहाइम यांनी मायामी शहरातील एका खऱ्या औद्योगिक फाट्याची प्रतिकृती केली, तेव्हा प्रत्येक दाराला पत्ता मिळाला.

आता औद्योगिक वसाहतच का निवडायची, याचा हिशेब पाहू. माझ्या घरी माडीवर आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी आहे. ब्रिटिश गाड्यांच्या प्रतिकृतींचे प्रचलित प्रमाण १:७६ आहे. त्या प्रमाणात एक मैल म्हणजे सुमारे साडेएकोणसत्तर फूट. दोन स्थानकांमधील अंतरच माझ्या घराबाहेर जाईल! आठ फुटांत खऱ्या जगातील जेमतेम सहाशे फूट मावतात. परंतु औद्योगिक वसाहतीत सहाशे फुटांत चार कारखाने, एक गोदाम आणि सहा-सात फाटे असू शकतात. जुनी ब्रिटिश चारचाकी वाघीण या प्रमाणात सुमारे सव्वातीन इंचांची होते. म्हणजे अल्प जागेत, काटछाट न करता, सत्य मावते.

मी निवडलेली वसाहत इंग्लंडमधील मँचेस्टरची ट्रॅफर्ड पार्क. जगातील पहिली नियोजित औद्योगिक वसाहत म्हणून ती ओळखली जाते. १८९४ साली मँचेस्टरचा जहाजी कालवा खुला झाला आणि समुद्रापासून दूर असलेल्या त्या शहराच्या दारी जहाजे येऊ लागली. कालव्याला लागूनच ट्रॅफर्ड घराण्याचे हरणांचे उद्यान होते. १८९६ साली सर हंफ्री डी ट्रॅफर्ड यांनी ही ११८३ एकर जमीन अर्नेस्ट टेरा हूली या धनाढ्य सटोडियाला ३,६०,००० पौंडांना विकली. कालव्याच्या व्यवस्थापनात मुरलेले मार्शल स्टीव्हन्स यांना आरंभापासून दिसत होते, की कालव्याला मालाचा पुरवठा हवा असेल, तर त्याच्या काठी कारखाने हवेत. १८९७ साली ते या नव्या जमीन कंपनीचे सूत्रधार झाले. हूली महाशय १८९८ साली दिवाळखोर ठरले. परंतु स्टीव्हन्स यांची कल्पना टिकली.

ही कल्पना काय होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारखानदाराने नुसती भिंत बांधावी. पाणी, वीज, रस्ता आणि रूळ त्याला दारात मिळावेत. एकट्या कारखान्याला मुख्य मार्गापर्यंत फाटा टाकणे परवडत नाही, पण शंभर कारखाने मिळून एक सामाईक जाळे पोसू शकतात. वसाहतीचे स्वतःचे रूळ आणि स्वतःची इंजिने होती; ते जाळे कालव्याच्या रुळांशी आणि पुढे देशभरच्या मार्गांशी जोडलेले होते. भरभराटीच्या काळी त्याची लांबी २६ मैल होती. अमेरिकन वेस्टिंगहाऊस कंपनीच्या ब्रिटिश शाखेने येथे प्रचंड विद्युत कारखाना बांधला. कामगारांसाठी जे गाव वसविले, त्यातील रस्त्यांना अमेरिकन पद्धतीने अनुक्रमांक दिले. १९११ साली फोर्डची मोटार येथे जुळविली जाऊ लागली, १९३८ साली केलॉग कंपनीचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात येथे विमानांची मर्लिन इंजिने तयार झाली, आणि १९४५च्या सुमारास या वसाहतीत ७५,००० लोक काम करीत होते, असा अंदाज आहे.

एवढी वसाहत फळीवर येणार नाही. तिचा एक कोपरा निवडावा लागतो. येथे पुराव्याचा प्रश्न उभा राहतो. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचे १:२५०० प्रमाणाचे जुने नकाशे हा पहिला आधार. त्यांत प्रत्येक फाटा आणि प्रत्येक सांधा रेखाटलेला असतो. माझी आठ फुटांची फळी त्या नकाशावर तीन इंचांहूनही किंचित कमी भरते. ते तीन इंच तेहतीस पट वाढविले की आराखडा तयार! दुसरा आधार अग्निविम्याच्या नकाशांचा. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून आणि ब्रिटनमध्ये गोड कंपनीने पुढे असे नकाशे काढले. विमा उतरविणाऱ्याला भिंत विटेची की लाकडाची, हे कळणे आवश्यक. म्हणून सॅनबॉर्नच्या नकाशात विटेची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी रंगविलेली असते. आगीच्या भीतीने काढलेला नकाशा शंभर वर्षांनी छांदिष्टाला भिंतीचा पोत सांगतो! तिसरा आधार रेल्वे कंपन्यांच्या हिशेब-संस्थेने, म्हणजे रेल्वे क्लिअरिंग हाऊसने, छापलेली स्थानकांची सूची. तिच्यात खाजगी फाट्यांची नावे मालकांसह येतात. चौथा आधार हवाई छायाचित्रांचा. ब्रिटनमध्ये एरोफिल्म्स कंपनीने १९१९ पासून ती घेतली. आता उपग्रहाची चित्रेही घरबसल्या पाहता येतात.

कागद संपले, तरी भिंती बोलतात. एखादी इमारत रस्त्याशी काटकोनात न राहता एका कडेला कमानीसारखी वळली असेल, तर तेथून रूळ गेले होते असे समजावे. इंजिनाला काटकोनात वळता येत नाही, म्हणून भिंतीला वळावे लागले. जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर एका ओळीत दारे असतील आणि त्यांना पायऱ्या नसतील, तर ती माणसांची दारे नव्हेत, वाघिणींची दारे होत. दोन प्लॉटांमधली अरुंद, लांबट, विनाकारण मोकळी राहिलेली पट्टी ही बहुधा उखडलेल्या फाट्याची खूण असते. पाठभेदांवरून मूळ संहिता शोधणारा संपादक ज्या रीतीने काम करतो, तीच ही रीत.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे सांध्याची दिशा. इंजिन वाघिणी मागे ओढत पुढे जात असता फाटा मागच्या बाजूस फुटत असेल, तर काम सोपे असते. सांधा ओलांडायचा, थांबायचे आणि मागे सरून वाघीण आत ढकलायची. फाटा पुढच्या बाजूस फुटत असेल, तर इंजिन स्वतःच आधी आत जाऊन अडकेल. म्हणून त्याला जवळच्या बगल-रुळावरून वळसा घालून वाघिणींच्या मागे यावे लागते. तेव्हा एखाद्या कारखान्याचा सांधा कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढ्यावरून तो बांधला त्या दिवशी कच्चा माल कोणीकडून येईल अशी अपेक्षा होती, याचा तर्क करता येतो. धंद्याची दिशा पुढे बदलली असेल. सांधा मात्र पहिली अपेक्षा जपून ठेवतो. फळीवर हा सांधा उलटा बसविला, तर प्रतिकृती चालेल, पण इतिहास खोटा होईल.

एवढ्या दूरच्या वसाहतीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रुळांचाच आहे. वेस्टिंगहाऊसचा तो कारखाना १९१९ साली मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स झाला. आपल्या शहरातून दिल्लीहून मुंबईकडे जाणारा मार्ग ज्या जी.आय.पी. रेल्वेकडे होता, तिने कसारा व खंडाळा घाटांसाठी १९२८ पासून विजेची मालवाहू इंजिने आणली. त्यांची विद्युत यंत्रणा याच मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. लांब नाकांच्या आणि सांधेदार अंगाच्या त्या इंजिनांना आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनी 'खेकडा' हे नाव दिले. त्यांपैकी 'सर लेस्ली विल्सन' हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. इंजिन जपले गेले. ज्या फाट्यांवरून असली यंत्रे कारखान्याबाहेर पडत, ते मात्र गेले. मोटारमार्ग वाढले, ट्रक थेट दारात येऊ लागला, आणि ट्रॅफर्ड पार्कचे अंतर्गत रेल्वेजाळे १९९८ साली बंद झाले. एकाच फाट्यावर दोन वाघिणी पोचविण्यासाठी इंजिन, चालक आणि सांधेवाला राबविणे कोणाला परवडेना.

हीच प्रक्रिया आपल्याकडेही घडली. १९८०च्या दशकापासून भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी पूर्ण मालगाडीच्या वाहतुकीवर भर दिला. कोळसा, सिमेंट, खत यांना ते सोयीचे झाले. पण ज्याला महिन्याला चारच वाघिणी लागत, तो लहान कारखानदार रुळांवरून उतरला. ग्वाल्हेर ते श्योपूर ही सुमारे २०० किलोमीटरची आपली चिमुकली गाडी २०२० साली थांबली, तेव्हा वृत्तपत्रांत लेख आले, छायाचित्रे आली. ते योग्यच झाले. परंतु लहान फाटे उखडले गेले, तेव्हा एक ओळही कोणी लिहिली नाही. १९२१ साली स्थापन झालेली जियाजीराव कापड गिरणी बंद पडली. बिर्लानगर स्थानक आहे, नावही आहे. पण गिरणीत कापसाच्या गाठी कोणत्या दाराने आत जात आणि ठाण कोणत्या दाराने बाहेर पडत, हे सांगू शकणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि ते म्हातारे आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक प्रत्यक्ष विनंती आहे. आपल्यापैकी कोणी इंदूरला, कोणी नागद्याला, कोणी बडोद्याला कारखान्यांत नोकऱ्या केल्या. आपल्या कारखान्याचा एक नकाशा हाताने काढा. रूळ कोठून आत येत, सांधा कोणत्या बाजूस होता, वाघीण कोणत्या दारी लागे, तिच्यातून काय उतरे, ती रिकामी परत जाई की भरून, आणि ती उतरविणारे हमाल कोणत्या वस्तीतून येत, एवढे लिहा. चित्रकला चांगली नसली तरी चालेल. तो कागद या शाळेच्या ग्रंथालयात द्या. उद्या एखादी मुलगी त्यावरून फळीवर प्रतिकृती करील किंवा एखादा मुलगा प्रबंध लिहील. दोघांनाही तोच कागद लागेल.

प्रतिकृती करणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही. ग्रंथकाराला 'इत्यादी' लिहून पुढे जाता येते. फळीवर 'इत्यादी' बसविता येत नाही. तेथे प्रत्येक दार काढावे लागते आणि ते दार कोणाचे, हे विचारावे लागते. हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या इतिहासलेखनाला लागो.