सहकुटुंब सहपरिवार युरोप

पॅरिस, जिनिव्हा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स आणि परतीच्या वाटेवर व्हेनिस. युरोपातल्या जुन्या शहरांची ही माळ आज सहलीच्या कुठल्याही पत्रकात दिसते. ती सतराव्या-अठराव्या शतकांत ओवली गेली आणि तीही विशीच्या आसपासच्या श्रीमंत इंग्रज मुलग्यांसाठी. रिचर्ड लॅसेल्स हा कॅथलिक धर्मगुरू अशा मुलांचा शिक्षक म्हणून पाच वेळा इटलीला जाऊन आला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, त्याचे इटलीच्या प्रवासावरचे पुस्तक पॅरिसला छापले गेले आणि त्यातून या फेरीला ‘ग्रँड टूर’ हे नाव मिळाले. लॅटिन शिकलेल्या मुलाने रोमचे अवशेष डोळ्यांनी पाहावेत, फ्रेंच बोलायला शिकावे, तलवारबाजी आणि नाचाचे धडे घ्यावेत आणि दोन-तीन वर्षांनी घरी येऊन इस्टेट सांभाळावी, असा हा बेत असे.

बरोबर शिक्षक असे. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ १७६४ ते १७६६ या काळात बक्लूच्या तरुण ड्यूकबरोबर तुलूझ, जिनिव्हा आणि पॅरिस इथे राहिला. त्या सफरीत ड्यूकचा धाकटा भाऊ पॅरिसमध्येच मरण पावला आणि सगळे परतले. पुढे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये स्मिथने लिहिले की सतरा-अठराव्या वर्षी परदेशी पाठवलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परततो तो बहुधा अधिक गर्विष्ठ आणि कामाला अधिक निरुपयोगी होऊन. स्वतः शिक्षक म्हणून जाऊन आलेल्या माणसाचे हे मत असल्याने त्याला वजन आहे.

या बेतात आई, आजी, लहान बहीण यांना जागा नव्हती, आणि वाटही त्यांच्या बेताची नव्हती. फ्रान्समधून इटलीत उतरायचे तर मॉन्ट सेनिसची खिंड ओलांडावी लागे. तिथे घोडागाडी सुटी करून तिचे भाग खेचरांवर लादत आणि प्रवाशांना खुर्चीत बसवून भोई खांद्यावर वाहून नेत. १७३९ च्या नोव्हेंबरात लेखक होरेस वॉलपोल आणि कवी टॉमस ग्रे या वाटेने निघाले असताना वॉलपोलचा लाडका छोटा कुत्रा भरदिवसा लांडग्याने उचलून नेला. दोघेही तेव्हा ऐन विशीत होते. नेपोलियनने १८०५ पर्यंत सिंप्लॉन खिंडीवरून आणि १८१० पर्यंत मॉन्ट सेनिसवरून गाडीरस्ता बांधून घेतला तेव्हा कुठे गाडीतून न उतरता आल्प्स ओलांडता येऊ लागला. म्हणजे पुढे जी कुटुंबे या फेरीला निघाली त्यांना दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालावा लागत होता. तो उसवून पुन्हा शिवण्यात जवळपास दीडशे वर्षे गेली.

त्याआधीही काहींनी धाडस केले होते. ९ जून १७६३ रोजी साल्झबुर्गहून संगीतकार लिओपोल्ड मोझार्ट पत्नी आना मारिया, अकरा वर्षांची नानर्ल आणि सात वर्षांचा वोल्फगांग यांना घेऊन निघाला. मुलांचे वादन राजदरबारांना ऐकवणे हा मुख्य हेतू होता, पण प्रवास खराखुरा कौटुंबिक होता आणि त्याच्या अडचणीही कौटुंबिकच होत्या. साल्झबुर्गजवळच्या वासरबुर्ग गावी पोचण्याआधीच गाडीचे मागचे चाक मोडले. दुरुस्ती होईपर्यंत थांबणे आले. लिओपोल्डने मुलाला गावातल्या चर्चमध्ये नेले आणि ऑर्गनची पायांनी वाजवायची पट्टी कशी चालते ते दाखवले. पोराने स्टूल बाजूला सारले आणि उभ्याउभ्याच वाजवायला सुरुवात केली.

लिओपोल्डची तयारी पाहण्यासारखी आहे. स्वतःची गाडी, एक नोकर, आणि पैशांसाठी साल्झबुर्गचा घरमालक व व्यापारी लोरेन्झ हागेनाउअर. हागेनाउअरच्या व्यापारी ओळखींतून ठिकठिकाणी उचल मिळण्याची सोय होती, कारण एवढ्या मोठ्या प्रवासाची रोकड जवळ बाळगणे म्हणजे दरोडेखोरांना आमंत्रणच होते. तरीही आजारपणाने सगळे वेळापत्रक उधळले. लंडनमध्ये लिओपोल्ड स्वतः अंथरुणाला खिळला, तेव्हा कुटुंबाला मोकळ्या हवेसाठी शहराबाहेर चेल्सीला बिऱ्हाड हलवावे लागले. १७६५ मध्ये हेगला आधी नानर्लला आणि मग वोल्फगांगला बहुधा विषमज्वर झाला. नानर्लला तर मृत्यूपूर्वीचा धर्मसंस्कारही देण्यात आला होता. दोघेही वाचली. घरी पोचायला १७६६ चा नोव्हेंबर अखेर उजाडला. साडेतीन वर्षे झाली होती.

१८१५ मध्ये नेपोलियनची युद्धे संपली आणि तुंबलेले पाणी सुटावे तसे इंग्रज प्रवासी युरोपात उतरले. या वेळी त्यांत बायका-मुले होती, म्हातारी माणसे होती, आणि मोठ्या संख्येने आजारी माणसे होती. क्षयरोग्याला इटलीची हवा मानवते अशी वैद्यांची समजूत असल्याने कित्येक कुटुंबांच्या प्रवासाचे खरे कारण घरातला एक खोकणारा माणूस असे. या प्रवाशांसाठी पहिली कामाची पुस्तके लिहिली मारियाना स्टार्क या बाईने. तिचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे होते. ती स्वतः १७९० च्या दशकात आजारी आप्तांची शुश्रूषा करत काही वर्षे इटलीत राहिली. त्या अनुभवातून तिने आधी पत्रांच्या रूपात आणि मग १८२० मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाकडून मार्गदर्शक पुस्तक काढले.

तिच्या पुस्तकात घरातल्या कर्त्या बाईची नजर आहे. कुठल्या शहरात घरभाडे किती, धोबी काय घेतो, कुठला वैद्य चांगला, आणि सामानात काय बांधायचे: चादरी, उश्या, मच्छरदाणी, खाणावळीच्या खोलीला आतून लावायचे कुलूप, चहा, औषधे. चित्रे आणि पुतळे यांच्यापुढे ती उद्गारचिन्हे छापत असे. जितकी चिन्हे अधिक, तितकी कलाकृती मोलाची. थकलेल्या आईबापांना घेऊन एखाद्या दालनातून जाताना नेमके कशापुढे थांबायचे हे त्या चिन्हांवरून एका दृष्टिक्षेपात कळत असे. मरेने १८३६ पासून स्वतःची हँडबुके काढली आणि जर्मनीत कार्ल बेडेकरने उद्गारचिन्हांऐवजी तारे छापायला सुरुवात केली. आज हॉटेलांना आणि स्थळांना तारे देणारे सगळेच मारियानाबाईंचे ऋणी आहेत. बेडेकरचे नाव लोकांना आठवते, हिचे नाही, हे मात्र खटकते.

इटलीत कुटुंबांच्या खऱ्या सोयीचा माणूस होता व्हेतुरिनो, म्हणजे भाड्याचा गाडीवान. टपालाच्या घोड्यांनी जाणे वेगाचे होते, पण दर टप्प्यावर घोडे बदला, पैसे मोजा, हुज्जत घाला हे आलेच. व्हेतुरिनो मुक्कामापर्यंत तेच घोडे हाकत असे, त्यामुळे दिवसाकाठी साधारण साठ किलोमीटरच्या वर मजल जात नसे. पण त्याच्याशी एकच लेखी करार होई. ठरलेल्या रकमेत गाडी, घोडे, वाटेतले कर, रात्रीची खोली आणि जेवण, सगळे आले. प्रवास मनासारखा झाला तर शेवटी ‘बुओनामानो’, म्हणजे बक्षिशी. दुपारी घोड्यांना दोन-तीन तास विसावा द्यावाच लागे आणि तेवढ्या वेळात मुले सावलीला निजत, म्हाताऱ्यांचे पाय मोकळे होत. आजच्या ‘सगळे धरून एक दर’ या सहलीचे बी त्या करारात आहे.

१८४४ च्या जुलैत चार्ल्स डिकन्स जेनोआला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर पत्नी, मेव्हणी, पाच मुले (धाकटे जेमतेम सहा महिन्यांचे), नोकरचाकर आणि एक कुत्रा एवढा लवाजमा होता. त्याने जुनी, एखाद्या खोलीएवढी प्रशस्त घोडागाडी विकत घेतली आणि लुई रोश नावाचा वाटाड्या नेमला. पुढे जाऊन खोल्या ठरवणे, बिले तपासणे, सीमेवर पासपोर्ट दाखवणे ही वाटाड्याची कामे. पॅरिस, लिआँ, आव्हिन्याँ करत सगळे दोन आठवड्यांनी जेनोआला पोचले आणि तिथे घर घेऊन राहिले. शहरे एकामागून एक पालथी घालण्याऐवजी एका ठिकाणी बिऱ्हाड करायचे आणि तिथून आसपास हिंडायचे, ही मुले बरोबर असलेल्या कुटुंबांनी शोधलेली शहाणी वाट होती. हेन्री जेम्स हा अमेरिकी कादंबरीकार तर तान्हा असतानाच आईवडील, भाऊ आणि मावशीबरोबर युरोपात आला होता. पॅरिसच्या प्लास व्हाँदोमचा उंच स्तंभ, गाडीच्या खिडकीतून दिसलेला, ही आपली सर्वांत जुनी आठवण असल्याचे तो सांगत असे. तेव्हा तो दुसऱ्या वर्षात होता.

ऋतूंचे गणित सर्वांनाच सांभाळावे लागे. हिवाळा आणि ईस्टरचा पवित्र आठवडा रोमला, वसंतात व्हेनिस, उन्हाळ्यात स्वित्झर्लंड. रोमच्या उन्हाळी तापाची धास्ती मोठी होती. ‘मालआरिया’ म्हणजे दूषित हवा, आणि तीच तापाचे कारण, असे लोक मानत. मुलांना सूर्यास्तानंतर बाहेर नेऊ नये, खालच्या मजल्यावर झोपवू नये, हे नियम त्यातून आले. जेम्सच्या १८७८ च्या ‘डेझी मिलर’ची नायिका रात्री कोलोसियम पाहायला जाते आणि याच तापाने दगावते. दोष हवेचा नसून डासाचा, हे १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसच्या संशोधनाने उघड केले.

घोड्याच्या पायावर चालणारा हा सगळा व्यवहार आगगाडीने मोडीत काढला. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला, दारूबंदीच्या मेळाव्यासाठी, सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात नेली. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला लोक न्यायचे त्याने ठरवले. जवळच्या सागरी मार्गांवरच्या कंपन्यांनी सवलत नाकारली, म्हणून त्याने हारविच-अँटवर्प असा लांबचा वळसा घेऊन ब्रसेल्स, कोलोन आणि ऱ्हाइनकाठची शहरे पदरात पाडली. आर्थिकदृष्ट्या तो त्यात बुडाला, पण नाइलाजाने घेतलेल्या वळशातून अनेक देशांची सहल जन्माला आली. १८६३ मध्ये स्वित्झर्लंड, १८६४ मध्ये इटली. १८६८ च्या सुमारास त्याने हॉटेलची कुपने काढली. खोली, न्याहारी आणि जेवण यांचे पैसे लंडनलाच भरायचे आणि परगावी फक्त कागद फाडून द्यायचा. भाषा न येणाऱ्या विधवेला किंवा दोन बहिणींना आता पुरुषाच्या सोबतीवाचून रोम गाठता येऊ लागले. १८७४ पासून त्याच्या सर्क्युलर नोटा परदेशी वटवता येऊ लागल्या आणि हागेनाउअरसारख्या ओळखीची गरज उरली नाही.

उरला प्रश्न चढाचा. १८७१ मध्ये मॉन्ट सेनिसचा रेल्वे बोगदा खुला झाला. त्याच वर्षी रिगी पर्वतावर दातेरी रुळांची गाडी सुरू झाली आणि खुर्ची वाहणाऱ्या भोयांचे काम गेले. १८८१ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या कालव्यात वाफेच्या प्रवासी बोटी आल्या, तेव्हा पोटावर पाय आला म्हणून गोंडोलावाल्यांनी संप केला. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती बोट म्हणजे मोठाच आधार ठरली. सगळीकडे मात्र असा तोडगा निघालेला नाही. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला आजही ४६३ पायऱ्याच आहेत.

महाराष्ट्राशी या प्रथेचा संबंध कुकच्याच वाटेने आला. त्याच्या कंपनीने १८८१ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. १८८७ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराणी चिमणाबाईंसह युरोपला गेले. त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्याला परतल्यावर प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागे. स्वातंत्र्यानंतर अडसर धर्माचा नव्हे, परकीय चलनाचा होता. १९६० च्या दशकात सहलीला जाणाऱ्याला हातात मिळणारे डॉलर बोटांवर मोजावे इतके कमी होते. १९६० मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आले, तेव्हा बहुसंख्य मराठी वाचकांसाठी पॅरिस पुस्तकातच होते. १९८० च्या दशकापासून मराठी सहल कंपन्यांनी समूह सहली रुळवल्या. बसभर माणसे, मराठीत बोलणारा व्यवस्थापक, आणि लुसर्नसारख्या गावी संध्याकाळी ताटात वरणभात. आजी-आजोबांना युरोप पाहता आला त्यात या ताटाचा वाटा बोगद्यांइतकाच मोठा आहे.

१९९५ मध्ये युरोपीय देशांमधली सीमातपासणी उठवणारा शेंगेन करार लागू झाला आणि २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या. डिकन्सच्या वाटाड्याला, लुई रोशला, सीमेसीमेवर जी कामे करावी लागत, ती एका व्हिसात आणि एका चलनात मावली. भारतातून निघणाऱ्या कुटुंबाचे कागद मात्र माणसागणिक वेगळे. २०१५ पासून बोटांचे ठसे द्यावे लागतात. बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे, पण ऐंशीच्या आजोबांना केंद्रावर स्वतः जावेच लागते. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. आणि नातवंड आईवडिलांशिवाय आजी-आजोबांबरोबर निघाले असेल, तर अर्जाला त्याचा जन्मदाखला आणि आईवडिलांच्या सहीचे संमतिपत्र जोडावे लागते.