रिबका, ग्रेस आणि लक्ष्मी : मुलींच्या ‘ख्रिस्ती’ नावांचा इतिहास

१/ रूथ, रिबका, हन्ना, सुझन. अशी नावे कानी पडताच आपण ‘ख्रिश्चन’ असा शिक्का मारतो आणि पाठोपाठ ‘परदेशी’ असाही. कोकणचा इतिहास मात्र या दोन्ही शिक्क्यांना दुजोरा देत नाही. #थ्रेड

२/ प्रथम अर्थ पाहू. यांपैकी बहुतेक नावे मुळात इंग्रजी नसून हिब्रू आहेत. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी. सुझनचे मूळ ‘शोशन्ना’ या फुलाच्या नावात आहे. तबिथा (अरामी) आणि डॉर्कस (ग्रीक) या दोहोंचा अर्थ हरिणी. फुलापाखरांवरून लेकींना नावे देणाऱ्या मराठी घराला ही रीत अपरिचित नाही.

३/ आता पनवेल. येथील बेथ एल हे बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. कोकणात तेलाचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या मराठीभाषक ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत. ख्रिस्ती लोकांचा ‘जुना करार’ हा मुळात ज्यूंचा धर्मग्रंथ; त्यामुळे राहेल, रिबका ही नावे आधी त्यांची. शिक्षणतज्ज्ञ रिबेका रूबेन आणि कामा रुग्णालयाच्या अधीक्षक डॉ. जेरुशा झिराड या दोघी बेने इस्रायलीच होत्या.

४/ दुसरा थर पोर्तुगीजांचा. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती. बाप्तिस्म्याच्या वेळी संतांची नावे देण्याची प्रथा त्यांच्याबरोबर रुजली. मरियेच्या उपाधींवरूनही नावे पडली : पिएदाद म्हणजे करुणा, ग्रासा म्हणजे कृपा. पुढे इंग्रजीतून ‘ग्रेस’ आले. हिब्रू ‘हन्ना’चा अर्थही कृपाच. अर्थ एक, भाषा तीन.

५/ तिसरा थर सर्वांत बोलका : न बदललेली नावे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. धर्म बदलला, ‘लक्ष्मी’ हे देवीचे नाव राहिले.

६/ पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथे त्यांना ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले, परंतु महाराष्ट्राने त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखले. त्यांच्या कन्येचे नाव मनोरमा. योगायोग असा की, बायबलमधील नाओमी (मराठी बायबलात ‘नामी’) या नावाचा अर्थही ‘मनोरम’ असाच होतो.

७/ तात्पर्य, नावावरून धर्म ओळखण्याची आपली सवय इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. रिबका ज्यू असू शकते, लक्ष्मी ख्रिस्ती असू शकते आणि दोघींची मायबोली मराठी असू शकते. भाड्याचे घर देताना किंवा शाळेच्या हजेरीपटावर नजर फिरवताना एवढे ध्यानात राहिले, तरी पुष्कळ झाले.

८/ आपल्या घराण्यात आजी-पणजीचे असे एखादे नाव असल्यास त्याचा अर्थ आणि ते कोणी ठेवले, हे प्रतिसादात अवश्य लिहा. अशा नोंदी दप्तरात क्वचितच सापडतात. त्या घरातच जपलेल्या असतात. (समाप्त)